मधुमेहात हाडांच्या रक्ततपासणीवरून धमन्यांचा आजार लवकर कळतो का?

वडिलांना टाइप २ मधुमेह आहे, सोलापुरातल्या लॅबवाल्याने ऑस्टिओप्रोटेजेरिन (हाडांशी निगडित एक प्रथिन) ही रक्ततपासणी सुचवलीय, करू का, असं विचारलंत. माझ्या मते नको.

मधुमेहात धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात, तिथे कॅल्शियम साचतं. म्हणून हाडांच्या प्रथिनांवर हे संशोधन चालतं. धमन्यांचा आजार असलेल्यांत ऑस्टिओप्रोटेजेरिन सरासरीने जास्त आढळतं खरं, पण एकट्या माणसाच्या आकड्यावरून औषध ठरत नाही. ऑस्टिओकॅल्सिन या हाडांच्या दुसऱ्या प्रथिनाचे निष्कर्ष तर आपसातच जुळत नाहीत.

त्यापेक्षा घोट्याचा बीपी मोजून घ्या. त्याला दंडाच्या बीपीने भागा: ०.९ किंवा कमी आलं तर पायाच्या धमन्या अरुंद, १.४ च्या वर, तर कडक झालेल्या. लिपिड, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, या तपासण्या आहेतच. सात रस्ता ते पार्क चौक चालताना पोटरी भरून येते का, विचारा. आणि हो, खिशातली तंबाखूची पुडी?