दुसऱ्याच्या पापाचा निवाडा श्रद्धाळू माणसाने करावा का?
कृत्याला चूक जरूर म्हणा, माणसाचा निकाल लावू नका, असं माझं मत. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात 7व्या अध्यायात भावाच्या डोळ्यातलं कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ येतं. पण कुसळ काढूच नका, असं तिथे नाही. आधी मुसळ काढा, मग नीट दिसेल, असं आहे. लोक सोयीने अर्धंच सांगतात! कुराणाच्या 49व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, तर पाळत ठेवणं आणि पाठीमागे निंदा, दोन्हींना मनाई आहे. निंदा म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं. मात्र शेजारी बायकोला मारत असेल, तर ‘मी कोण न्याय करणार’ म्हणत दार लावून घेणं हा पळपुटेपणा. तिथे मध्ये पडायचंच. उपास कोणी मोडला, प्रार्थनेला कोण आलं नाही, हे ज्याचं त्याच्यापाशी.