दवाखाना चालवायचं टेंडर सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच द्यावं का?

माझ्या मते नाही, दवाखान्यासाठी तरी नकोच. मुंबईत २०२२ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’त तपासणी, औषधं, चाचण्या मोफत आहेत, पैसे महापालिकेचे. अशा सेवेचं कंत्राट देताना नुसता ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा, बघितला, तर ठेकेदार पहिली काटछाट डॉक्टरच्या पगारात करतो. मग डॉक्टर टिकत नाही, आणि शुगरच्या पेशंटला दर खेपेला नव्या माणसापुढे पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. म्हणून तांत्रिक पाकिटात, म्हणजे टेंडरच्या दराआधी ठेकेदाराची पात्रता तपासणाऱ्या भागात, अनुभव आणि डॉक्टर किती काळ टिकतात, याला गुण हवेत.

पैसे पेशंटमागे दिले तर नोंदी फुगतात, ठोक दिले तर पेशंट कसेबसे उरकले जातात. थोडं ठोक, थोडं कामावर, हे बरं. संध्याकाळी डॉक्टर खुर्चीत नसेल तर दंड किती, ते कलम आधी वाचा.