मुलुंडहून न्यू जर्सीला निघालेल्या पिचरच्या आईला

ताई, तुमचे प्रश्न दोन. जूनमध्ये इथं आल्यावर अकरा वर्षांच्या लेकीसाठी सॉफ्टबॉलच्या पिचिंगचा, म्हणजे चेंडू टाकण्याचा, कोच कसा शोधायचा, आणि मुलुंडच्या शाळेत सरांनी जी पद्धत शिकवली ती इथं चालेल का. दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथंच आमचं अख्खं वर्ष वाया गेलं.

विंडमिल म्हणजे हाताचं पूर्ण चक्र, हे दोन्हीकडे सारखंच. भांडण आहे ते चेंडू सुटतानाच्या क्षणावर. एका पद्धतीत मनगट जोरात वर झटकायचं आणि शेवटी कोपर कॅचरकडे, म्हणजे समोर चेंडू झेलणारीकडे, रोखायचं. इथं तिला 'हॅलो एल्बो' म्हणतात. दुसरीला म्हणतात 'इंटर्नल रोटेशन'. उजव्या हाताची पिचर असेल तर हात डोक्यावरून मागं उतरताना तळहात आकाशाकडे किंवा थर्ड बेसकडे (पिचरच्या उजवीकडे) असतो, हाताचा कोपराजवळचा भाग कमरेला घासतो, आणि चेंडू सुटता सुटता हात आपोआप आत वळतो. गॅलरीत ओला टॉवेल झटकताना आठवून बघा. आपला हात थांबतो आणि टॉवेलचं टोक सटकन पुढं जातं. तसंच इथं दंड कमरेशी मंदावतो आणि वेग पुढच्या हाताला मिळतो. मनगट सैल असलं की पुरे, त्याला वेगळी मेहनत नको.

आम्ही दादरहून आलो तेव्हा मुलगी दहाची होती. पहिली कोच मिळाली ती कॉलेजात खेळलेली, भिंतभर ट्रॉफ्या. आम्ही भारावलो. अर्ध्या तासातली पहिली पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून मनगट झटकणं, मग "कोपर वर, कोपर वर". सहा महिन्यांत पोरीच्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं. कोच म्हणाली, ताकद वाढली की थांबेल. एके दिवशी ती स्वतः चार चेंडू टाकून दाखवत होती, तेव्हा मी फोनवर स्लो-मोशनमध्ये शूट केलं. घरी येऊन बघतो तर काय, बाई स्वतः टाकताना हात कमरेला घासतात, आत वळतो, कोपर कुठंही वर जात नाही! स्वतः एक करत होती आणि मुलींना दुसरंच शिकवत होती. ती खोटारडी होती असं नाही. तिला जे शिकवलं गेलं तेच ती पुढं देत होती.

म्हणून कोचची पहिली परीक्षा हीच. एक लेसन आधी नुसता बघायला मागा. सरावात शिकवलेली हालचाल खऱ्या चेंडूत दिसते का ते बघा. कोच व्हिडिओ काढून मुलीला दाखवते का? तिच्या तीन-चार विद्यार्थिनी बघा, एकट्या स्टार मुलीवर जाऊ नका. आणि "शनिवार-रविवारी किती चेंडू टाकलेस?" हा प्रश्न ती विचारते का, याकडे कान ठेवा. अंडरआर्म आहे म्हणून खांद्याला त्रास नाही, हा समज इथल्या आईबापांतही आहे आणि तो चुकीचा आहे. 2008च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनोनं दोन दिवसांत 413 चेंडू टाकून सुवर्ण मिळवलं, ती गोष्ट ऐकायला छान आहे, पण अकरा वर्षांच्या मुलीला ते माप लावायचं नाही. तीनचार प्रकारचे चेंडू शिकवतो म्हणणारा कोचही या वयाला नको. फास्टबॉल आणि चेंज-अप (फसवा संथ चेंडू), बस.

आमच्या भागात अर्ध्या तासाला साधारण 40 ते 60 डॉलर लागतात. आठवड्याला एक लेसन भरपूर झाला. खरं काम उरलेल्या दिवशी अंगणात होतं. तिथं बाप (किंवा आई) बादलीवर बसून कॅच घेतात. नडगीला पॅड बांधा, मी पहिल्या आठवड्यात बांधलं नव्हतं.

आता वेळापत्रक. तुमची लेक 12यू (12 वर्षं आणि त्याखालच्या) गटात येईल: 12 इंची चेंडू, 40 फुटांवरून. 14यूपासून 43 फूट. जूनमध्ये उतरलात तर उन्हाळ्याच्या टीम भरलेल्या असतील, वाईट वाटून घेऊ नका. ट्रॅव्हल टीमच्या (बाहेरगावी स्पर्धांना जाणाऱ्या निवडक संघांच्या) ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, बहुधा ऑगस्टमध्ये असतात. पहिल्या वर्षी मात्र गावाच्या रिक्रिएशन लीगमध्येच घाला. ट्रॅव्हल टीममध्ये नवी मुलगी बाकावर बसते. गावाच्या लीगमध्ये तिला पिचरच्या वर्तुळात उभं राहायला मिळेल. शाळेचा सीझन वसंतात, हिवाळ्यात सगळं इनडोअर.

सरांची पद्धत? त्यांना न दुखावता आतापासून मनगटाचं झटकणं तेवढं थांबवा. सोसायटीच्या टेरेसवर जुनी चादर टांगा, मोज्यात मोजा कोंबून चेंडू करा आणि सहा-सात फुटांवरून हात कमरेला घासून जातो का एवढंच बघा. पाऊस आला तर पॅसेजमध्येही होतं. बाजूनं फोन लावून ठेवा, रोज एकच व्हिडिओ. तो इथल्या कोचला पहिल्या दिवशी दाखवता येईल.

ग्लोव्ह तिथून आणू नका, इथं येऊन हाताच्या मापानं घ्या. पण महापालिकेचा जन्मदाखला नीट बघा. बऱ्याच दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, आणि वयाच्या पुराव्याला तो लागू शकतो. नाव घालून इंग्रजी प्रत काढून घ्या, लसींच्या नोंदीही बरोबर ठेवा.

बादली विकत घेऊ नका. आमची गादीच्या झाकणाची गॅरेजमध्ये पडून आहे.