थंडीनं तूर 'जळते' म्हणजे काय? विदर्भात खरंच एवढी थंडी पडते का?

प्रश्न विचारणारे पुण्यात नोकरी करतात, आजोळ वर्धा जिल्ह्यात. मामांनी फोनवर "थंडीनं तूर जळाली" असं सांगितलं, ते यांना पटलं नाही. विदर्भ म्हणजे ऊन, तिथं थंडीनं काय जळणार, असा त्यांचा सवाल.

मामा खरं बोलताहेत. मी आर्वी तालुक्यातला. सात एकर वावर आहे, त्यातलं चार एकर नाल्याला लागून, काळं भारी. उरलेलं तीन एकर वर बरडावर, मुरमाड. हे दोन तुकडे मुद्दाम सांगतो, कारण पुढची निम्मी गोष्ट त्यावरच आहे.

उन्हासाठी आमचं नाव झालं हे खरं. पण समुद्र आमच्यापासून लांब आहे, त्यामुळं इथली जमीन जशी झपाट्यानं तापते तशीच झपाट्यानं निवते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता. त्याच आठवड्यात आमची तूर गेली.

आदल्या संध्याकाळी बाबा अंगणात उभे राहून म्हणाले, "हवा थांबली बाप्पा. आज काई खरं नाई." आभाळ मोकळं, वारा पडलेला. सकाळी सहाला वावरात गेलो तर कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर पांढरं दिसलं. मला वाटलं कुणी राख आणून टाकली. बोट फिरवलं तर टोक बधिर झालं आणि खाली नुसतं पाणी. तुरीची पानं मात्र हिरवीच होती, उलट नेहमीपेक्षा जरा ताठ आणि तकतकीत. मी म्हटलं, वाचलो. दहाच्या सुमारास ऊन चढलं आणि तीच पानं उकळत्या पाण्यातून काढलेल्या मेथीसारखी लोंबायला लागली. दुसऱ्या दिवशी काळी. शेंगा भरत आल्या होत्या, एक सोलून पाहिली तर दाणा पाणचट. आठवड्याभरात तो सुरकुतून गेला. आमच्याकडे याला दवाळ म्हणतात.

बरडावरच्या तीन एकरांत एक पान काळं नव्हतं. अंतर किती, तर अर्धा किलोमीटर.

होतं असं. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता आभाळाकडे सोडते. ढग असले तर ते पांघरुणाचं काम करतात, वारा असला तर वरची उबदार हवा खाली कालवली जाते. दोन्ही नसले की जमिनीलगतची हवा गार होत जाते, आणि गार हवा जड असल्यामुळं पाण्यासारखी उताराला लागते. आमच्याकडचा उतार नाल्याकडे. म्हणून दवाळ आधी नाल्याकाठी बसतं. बातमीत पारा चार अंश सांगितला म्हणजे पानाजवळही चारच असेल असं धरू नका. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार फुटांवर पेटीत असतो, उघड्यावरचं पान त्याच्याहून बरंच गार होतं. पानातलं पाणी गोठतं, पेशी फाटतात, ऊन लागलं की रस बाहेर येतो. बघणाऱ्याला वाटतं उन्हानं करपलं. 'जळालं' हा शब्द त्यातूनच आला असावा.

त्या चार एकरांतही विहिरीजवळचा पाऊण एकर वाचला होता. त्याला दोनच दिवस आधी ओलीत झालं होतं, म्हणजे पाणी दिलं होतं. वरून बघितलं तर सरळ रेघ मारल्यासारखी, अलीकडे हिरवी, पलीकडे काळी. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरडी, भेगाळलेली काळी माती ती धरत नाही. शिवाय हिवाळ्यात विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं, तीही ऊब वावराला मिळते. पहाटे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ओला काडीकचरा पेटवून धूर करायचीही पद्धत आहे. केला आहे, थोडा फरक पडतो, पण वारा जरा जरी हलला तर तुमचा धूर शेजाऱ्याच्या वावरात.

मग दर थंड रात्री पाणी का देत नाही, असं तुम्ही विचाराल. कृषिपंपाला वीज पाळीनं मिळते. कित्येक वर्षं आमचा हिशोब एक आठवडा दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री दहा तास असा चालला. रात्रीची पाळी असली की अकरा-बाराला उठून वावरात जायचं. पाणी एका सरीत सोडलं की उभं राहून चालत नाही, ती भरली की दांड फोडून पुढच्या सरीत घ्यावं लागतं. म्हणजे पाय रात्रभर चिखलात, आणि हवा आठ-नऊ अंशांची. बुटात चिखल जातो म्हणून बाबा अनवाणीच जायचे, आल्यावर टाचेच्या भेगांत मेण वितळवून भरायचे. वर रानडुकरांची धास्ती. बॅटरी असते, पण बाबांचा भरवसा खोकण्यावर. दर दहा मिनिटांनी मोठ्यानं खोकायचे, डुकराला कळावं म्हणून. आता काही जणांकडे सौर पंप आलेत, त्यांचं ओलीत दिवसा होतं. दवाळाच्या रात्री त्यांचा पंप बंद असतो ही गोष्ट वेगळी, पण संध्याकाळपर्यंत जमीन ओली करून ठेवता येते आणि माणूस घरी झोपतो. माझा कौल सौर पंपाला.

नुकसान झाल्यावर अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेलो तर तिथल्या माणसानं विचारलं, "पाऊस नाही, गारा नाही, पंचनामा कशाचा करू?" खरं तर दव गोठणं आणि थंडीची लाट ही सरकारी मदतीच्या आपत्तींच्या यादीत आहे आणि ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर विचार होतो. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. तुमच्या मामांना माहीत नसेल तर सांगा. विमा काढला असेल तर त्यात दवाळाचं नुकसान धरतात का आणि सूचना कधीपर्यंत द्यायची, ते आधीच विचारून ठेवा म्हणावं. दवाळात पहिल्या सकाळी पानं हिरवीच दिसतात हे वर सांगितलंच आहे.

आता याच्या उलटं. तीच रात्र आमच्या शेजाऱ्याच्या गव्हाला मानवली. गव्हाला थंडी पाहिजेच. थंडी असली की फुटवे चांगले धरतात, ओंबी लांब निघते. डिसेंबर उबदार गेला तर गहू घाईनं वाढतो आणि लवकर निसवतो, म्हणजे ओंबीवर येतो. फेब्रुवारीत ऊन तापलं तर दाणा बारीक राहतो. म्हणून पेरणी नोव्हेंबरात उरकायची धडपड असते. संत्र्याचंही तसंच. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारं फूल, घ्यायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतात, आणि त्यातलं अर्धं काम थंडी करते. झाड वाढ थांबवून बसतं, मग जानेवारीत पाणी दिलं की फूल एकदम फुटतं. मधेच अवकाळी पाऊस आला की ताण तुटतो आणि फुलांऐवजी नवती, म्हणजे नुसती पालवी, फुटते. म्हणजे एकाच घरात तुरीवाला भाऊ थंडीला शिव्या घालतो आणि बगीचावाला भाऊ पारा उतरायची वाट बघतो.

मला विचाराल तर हिवाळ्यात भीती थंडीपेक्षा ढगांची जास्त. ढग आले की रात्र उबदार होते, दवाळ टळतं, शहरातला माणूस खूष. पण दोन-तीन दिवस आभाळ राहिलं की हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. मग पहाटेची धुवारी, म्हणजे दाट धुकं. तुरीच्या फुलोऱ्यावर धुवारी बसली की फुलं गळतात. झाडाखाली पिवळा सडा पडतो, दिसायला सुंदर, बघवत नाही. हरभऱ्याच्या पानांवर हिवाळ्यात आंबट रस सुटतो, कुणी त्याला आंब म्हणतं, कुणी खार. माझी माय अजूनही रात्री हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं धोतर पसरते आणि पहाटे पिळून बाटलीत भरते. घरात कुणाचं पोट दुखलं की त्यातली चमचाभर. सकाळी हरभऱ्यातून चालत गेलो की पोटऱ्या खाजतात त्या याच रसानं. पाऊस आला की हा खार धुवून जातो आणि अळीचं फावतं, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात.

थंडीनं अळ्या मरतात हा मात्र आमच्याकडचा लाडका गैरसमज आहे. कपाशीतली गुलाबी बोंडअळी थंडीत मरत नाही, ती बोंडात, सरकीच्या आत सुप्त बसते. २०१७ साली तिनं विदर्भात हाहाकार केला. तरी डिसेंबर उलटल्यावर पाणी देऊन फरदड ठेवणारे, म्हणजे जुनीच कपाशी पुढं चालू ठेवणारे, गावात आहेतच. दोन क्विंटलच्या आशेवर पुढच्या हंगामाची अळी पोसायची. बोललं तर राग येतो.

कपाशीचं थंडीशी अजून एक नातं आहे, ते तराजूवर कळतं. पहाटेच्या दवात बोंडं भिजतात, म्हणून वेचणारणी ऊन चढल्यावर, दहानंतर वावरात उतरतात. त्यांना मजुरी किलोवर, त्यामुळं ओला कापूस वेचायला काहींची हरकत नसते, हरकत माझी असते. सीसीआयकडे, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाकडे, ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण हमीभाव मिळतो, ८ ते १२ मध्ये कपात होते, १२ च्या वर गाडी परत. थंडीत घरात भरलेला कापूस सुकता सुकत नाही. नेण्याआधी दोन दिवस ताडपत्रीवर पसरून उलथापालथ करावी लागते, आणि मग वजन घटतं. काही केलं तरी काहीतरी जातंच.

गारपिटीबद्दल थोडक्यात सांगतो, तो हिवाळ्याच्या शेपटाचा विषय आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली ती अजून लोकांच्या तोंडी आहे. दवाळापासून ओलीत करून काही वाचवता येतं, गारांपुढे इलाज नाही.

ढोरांचं. म्हशीला थंडी गाईपेक्षा जास्त लागते, अंगावर केस विरळ. दुधात घट येते ती बऱ्याचदा पाण्यामुळं. टाकीतलं रात्रभर गारठलेलं पाणी ती नीट पीत नाही, आणि पाणी कमी तर दूध कमी. सकाळी विहिरीचं ताजं पाणी उपसून पाजलं की दोन दिवसांत फरक कळतो. रात्री वैरण हात राखून देऊ नये. कडबा-कुटार पोटात आंबताना ऊब तयार होते, ढोराची शेकोटी ती. ढेपेनं, म्हणजे पेंडीनं, तेवढी ऊब येत नाही. हिवाळा म्हशीच्या माजाचाही काळ आहे, त्यामुळं या दिवसांत तिच्याकडं दुर्लक्ष केलं तर पुढचं वेत लांबतं.

शेळ्यांच्या बाबतीत मी स्वतः गाढवपणा केलाय. पिल्लं नुकती झाली होती, गारठा वाढला, म्हणून कोठ्याच्या चारही बाजू ताडपत्रीनं वरपासून खालपर्यंत बांधून टाकल्या. सकाळी ताडपत्री उचलली तर मुताच्या वासानं माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तीन पिल्लं खोकत होती. डॉक्टर आले, दोन वाचली, एक गेलं. ते म्हणाले, थंडीपेक्षा कोंडलेल्या हवेनं छाती भरते. तेव्हापासून शेळीच्या उंचीपर्यंतच बारदाना बांधतो, वरची हातभर जागा मोकळी, आणि खाली कोरडं कुटार अंथरून रोज बदलतो. मोठ्या शेळ्यांना झूल घालत नाही. ती ओली झाली की घालून न घातल्यापेक्षा वाईट.

तुमच्या मामांना तुरीबद्दल पुन्हा विचाराल तेव्हा दोन गोष्टी विचारा. वावर नाल्याकडचं आहे की वरचं, आणि वाण कोणतं होतं. नाल्याकडचं असेल तर पुढच्या वर्षी तिथं बीडीएन ७११ सारखं लवकर येणारं वाण घ्या म्हणावं. ते डिसेंबरच्या कडाक्याआधी बरंच हातात आलेलं असतं. उशिरा येणारी तूर बरडावर न्यावी, तिथं दवाळ सहसा बसत नाही, पण पाण्याची सोय बघून, कारण मुरमाड जमिनीत ओल लवकर सरते. आणि फोन शक्यतो दुपारी करा. त्यांच्याकडे रात्रीची पाळी असेल तर ते वावरात असतील, आणि मोबाईल पाण्यानं भिजू नये म्हणून धुऱ्यावर पिशवीत गुंडाळून ठेवलेला.