निधी नसलेली ग्रामपंचायत गावात घरोघरी छतावरचे सौर पॅनल बसवण्यासाठी काय करू शकते?

पंचायतीला पॅनल विकत घ्यायची गरज नाही. लोकांचे अर्ज अडतात ती कागदपत्रे आधी दुरुस्त करून द्या आणि सगळ्या घरांसाठी मिळून एकच दर ठरवा. घराच्या छतावर सौर पॅनल बसवण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान थेट घरमालकाच्या बँक खात्यात येते: पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये. गावात हमखास अडचण येते ती नावाची. वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि अर्ज नातवाचा, मग अनुदान लटकते. म्हणून ग्रामसभेच्या दिवशीच महावितरणच्या कर्मचाऱ्याला बोलावून नावबदलाचे अर्ज एकगठ्ठा भरून घ्या. पंचायतीने करण्यासारखे सर्वात मोलाचे काम हेच. मग इच्छुक घरांची यादी करून किमान तीन नोंदणीकृत विक्रेत्यांकडून लेखी दर मागवा. त्यात हे स्पष्ट लिहून घ्या:

- पॅनल भारतात बनलेल्या सौर सेलचेच (नाहीतर अनुदान नाही)
- अर्थिंग आणि आकाशातील वीज पडण्यापासून बचाव करणारा तडितरोधक यांचा खर्च दरातच
- पाच वर्षांची देखभाल

एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते; सकाळी नऊ ते तीन झाडाची सावली पडत असेल तर ते छत सोडा. आणि हे लोकांना आधीच सांगा: बॅटरीविना बसवलेली यंत्रणा भारनियमनात भर दुपारीही बंद पडते, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षिततेसाठी सौर इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) आपोआप थांबतो.