माळ पडीक नसतो: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांनी पाठवलेले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्नाचा गाभा तेवढा दिला आहे.

५ जूनला गायरानावर हजार झाडं लावायची आहेत. शाळा आणि तरुण मंडळ तयार आहे. या निमित्तानं मुलांना निसर्गाची गोडी लागेल. खड्डे किती अंतरावर घ्यावेत आणि कोणती रोपं आणावीत?
— ग्रामपंचायत सदस्य, मोहोळ तालुका

कुदळ मारण्याआधी गावातल्या दोन-तीन जुन्या मेंढपाळांना घेऊन गायरानावर जा आणि पावसाळ्यात तिथे कोणकोणतं गवत येतं ते विचारा. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी नावं निघाली, तर कागदोपत्री काहीही लिहिलेलं असो, ती जागा पडीक नाही. तो जिवंत माळ आहे. तिथे एकही झाड लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

याचं कारण जमिनीतच आहे. आपल्याकडच्या माळावर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी वीतभरसुद्धा नसतो, खाली लगेच मुरूम लागतो. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. एवढ्याशा मातीला धरून ठेवतात ती गवताची ठोंबं. खड्डा किंवा चर खणला की मुरूम वर येतो आणि ठोंबं तुटतात. उघड्या पडलेल्या जागेत सगळ्यात आधी गाजरगवत शिरतं. रोपं पहिल्याच उन्हाळ्यात टँकर मागतात. गिरिपुष्प, सुबाभूळ अशी भराभर वाढणारी झाडं जगली, तर त्यांच्या सावलीत गवत मरतं. माळढोक अभयारण्यातल्या नान्नज परिसरातही गिरिपुष्पाची अशी लागवड झालेली आहे. काळवीट आणि धाविक, माळटिटवी, चंडोल या पक्ष्यांना लांबवर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. झाडी वाढली की ती जागा त्यांच्या उपयोगाची राहत नाही.

मग झाडं कुठे लावायची? ओढ्याच्या काठाला करंज आणि जांभूळ, बांधावर बोर, बाभूळ, हिवर, शाळेत आणि गावठाणात कडुलिंब, चिंच, वड. हजारांऐवजी शंभर लावा आणि प्रत्येक झाडाला दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, ते नावानिशी ठरवा. खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. तारीखही बदला. ५ जूनला सोलापुरात पाऊस स्थिरावलेला नसतो. जमीन वीतभर ओली झाल्यावर, म्हणजे जूनअखेर किंवा जुलैत लावलेली रोपं जास्त तगतात.

गायरानावर मुलांना दाखवण्याजोगं काम गवताचं आहे. गायरानाचे चार भाग पाडा. एक भाग जूनपासून बी झडेपर्यंत, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, चराईला बंद ठेवा. मग चार बोटं ठोंब राखून विळ्यानं गवत कापा आणि ज्यांनी राखण केली त्यांच्यात वाटा. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद. चराईबंदी मोडते ती बहुतेक एकाच कारणानं: बंद केलेला भाग जनावरांच्या पाण्याच्या वाटेवर येतो. म्हणून आधी वाटा बघा, मग हद्द आखा, आणि ग्रामसभेत गुराख्यांसमोरच ठरवा.

जिथे गवत पार गेलं आहे, तिथे मारवेलचं बी एकरी दोन-अडीच किलो फेका. ते हलकं असतं, वाऱ्यानं उडतं. म्हणून ओलसर माती आणि चाळलेल्या शेणखतात कालवून फेकायचं आणि वरून काटेरी फांदी ओढायची. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर उगवण फार कमी होते. ताज्या बियांचंही तसंच. आदल्या हंगामात गोळा करून सात-आठ महिने कोरड्या जागी ठेवलेलं बी घ्या.

चौथी ते सातवीच्या मुलांना माळावर नेते, पण 'इथे काहीच नाही, मॅडम' असं ऐकायला मिळतं. माळढोक पक्षी काही दाखवता येत नाही. आणि पालकसभेत माळढोकचं नाव काढलं की मोठी माणसं चिडतात.
— शिक्षिका, उत्तर सोलापूर तालुका

ताई, आधी पालकांच्या रागाबद्दल. १९७९मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं, गावं, रस्ते, सगळंच आलं. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर निर्बंध आले. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण मधल्या वर्षांत ज्यांची कामं अडली, त्यांचा राग खरा आहे. तो ऐकून घ्या, वाद घालू नका. पालकसभेची सुरुवात चारा आणि पाणी यांपासून करा. पक्ष्याचा विषय त्यातून आपोआप निघतो, कारण त्यालाही तेच गवत लागतं.

माळढोकबद्दल मुलांना सांगायचं ते एवढं: नराचं वजन १५ किलोपर्यंत जातं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारा वेळेवर टळत नाहीत. कुत्री, तारा आणि माळाच्या जागी आलेला ऊस एवढं एकत्र आल्यावर वर्षाला एका अंड्यावर पक्ष्यांची संख्या सावरत नाही. सातवीच्या मुलांना हे गणित बरोबर कळतं.

आता 'काहीच नाही' याचं उत्तर. चार खुंट्या आणि चार मीटर सुतळी यांचा एक मीटर लांब-रुंद चौकोन करा. एका गटात चार-पाच मुलं. सप्टेंबरच्या शेवटी, सकाळी ७ ते ९ या वेळेत तीन जागी चौकोन टाका: राखलेल्या भागात, रोज चराई होते तिथे, आणि रस्त्याकडेला. प्रत्येक चौकोनात चार गोष्टी मोजायच्या: गवताचे प्रकार, उघडी जमीन किती (चौकोनाचा पाव भाग, अर्धा, असं), लेंड्या आणि शेण, आणि पाच मिनिटांत दिसलेले नाकतोडे, मुंग्या, कोळी. नाकतोडे मोजायला विसरू नका. माळावरच्या कितीतरी पक्ष्यांच्या पिल्लांचं ते खाद्य आहे.

चुका ठरलेल्या असतात. मुलं चौकोन नेमका हिरव्या जागेवर टाकतात, मग सगळीकडे सारखंच भरघोस गवत दिसतं. म्हणून एका दगडापासून वीस पावलं सरळ चालायचं आणि पाय थांबेल तिथेच खुंटी ठोकायची. दुसरी चूक, तुरा येण्याआधी गवत ओळखायला जाणं. पानांवरून मोठ्यांचाही गोंधळ होतो. तुरा आणि पेर दिसेल असं एक ताट वर्तमानपत्रात दाबून ठेवा. पहिले चार दिवस रोज कागद बदला, नाहीतर बुरशी येते. खाली मेंढपाळ आजोबांनी सांगितलेलं नाव आधी लिहा, शास्त्रीय नाव नंतर कधीही लिहिता येतं. नोंदवही एकच ठेवा आणि दर वर्षी त्याच दगडापासून, त्याच आठवड्यात मोजा. तिसऱ्या वर्षी मुलं स्वतःच फरक सांगू लागतात.

मार्च ते ऑगस्ट मात्र मुलांना माळावर ओळीनं पसरून चालवू नका. माळटिटवी, धाविक, डोंबारी चंडोल यांची अंडी खड्यांच्या रंगाची असतात आणि पायाखाली येतात. त्या महिन्यांत पायवाटेवरूनच बघायचं. पायांत बूट हवेतच, आणि दगड हातानं उलटायचा नाही. आपला माळ विषारी फुरशाचाही आहे.

वस्तीवरच्या दोन शेळ्या लांडग्यानं नेल्या. आम्ही 'लांडगा वाचवा' अशी बैठक घेणार आहोत. लोक ऐकतील का?
— निसर्ग मंडळाचा कार्यकर्ता, करमाळा तालुका

त्या फलकाखाली नाही ऐकणार, आणि का ऐकावं? बैठक 'शेळ्या-मेंढ्या राखायच्या कशा' या नावानं घ्या. वेळ रात्री जेवणानंतरची, जागा देवळाचा पार. दिवसा मेंढपाळ कळपामागे असतात आणि दुपारच्या बैठकीला फक्त रिकामी माणसं येतात. दिवाळीनंतर मेंढपाळांचे बरेच वाडे (कळपांचे मुक्काम) हलतात, त्याआधीच घ्या.

पहिला अर्धा तास त्यांनाच बोलू द्या: कुठे, किती वाजता, कोणतं जनावर गेलं. बहुतेक वेळा मागे राहिलेलं कोकरू, लंगडी शेळी, किंवा वाघरीच्या (रात्री कळपाभोवती ताणतात त्या जाळीच्या) बाहेर बांधलेलं जनावर निघतं. उपायही तिथूनच सुरू होतो. वाघूर माणसाच्या छातीइतकी उंच ताणा आणि खालची कड दर दोन हातांवर खुंटीनं जमिनीला दाबा. लांडगा वरून उडी मारण्याआधी खालून वाट शोधतो. कोकरं डालग्याखाली, डालगं वाघरीच्या मध्यभागी. मेलेलं जनावर किंवा कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकू नका. त्यावर मोकाट कुत्री पोसली जातात आणि कित्येक 'लांडग्याचे' हल्ले त्यांचेच असतात. मागून, मांडीला, पोटाला चावे आणि एकदम चार-पाच जनावरं जखमी करून तिथेच टाकलेली असतील, तर आधी कुत्र्यांचा संशय घ्या.

जनावर लांडग्यानं मारलं असेल तर वन विभागाकडून भरपाई मिळते, पण अर्ज फसतात ते घाईनं पुरल्यामुळे. जनावर हलवू नका, ठशांवर घमेलं पालथं घाला, जागेसह फोटो काढा. त्याच दिवशी, उशिरात उशिरा ४८ तासांच्या आत, वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला, आधार आणि बँक पासबुक लागतं. बैठकीत एक कोरा अर्ज सगळ्यांसमोर भरून दाखवा. आमच्या मते त्या बैठकीचा हा सगळ्यात मोलाचा भाग.

दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगा. हिवाळ्यात पिल्लं असलेल्या बिळात धूर करणं किंवा मेलेल्या जनावरावर विष टाकणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. लांडगा त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आणि विषानं तरस, खोकड आणि वाड्याची राखणदार कुत्रीही मरतात. दुसरी गोष्ट कुत्र्यांच्या लसीची. वाड्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला दर वर्षी रेबीजची लस द्या. लांडगा माणसाला टाळतो. दिवसाढवळ्या माणसांवर चालून येणारा, लाळ गाळणारा प्राणी पिसाळलेला समजा. चावा किंवा ओरखडा झाला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. लसीचे सगळे डोस पूर्ण करा.

कॉलेजच्या मुलांना उजनीवर रोहित पक्षी दाखवायचे आहेत. कधी न्यावं?
— प्राध्यापक, करमाळा

जानेवारी ते मार्च. धरणाचं पाणी उतरलं की केत्तूरच्या बाजूला आणि पलीकडे भिगवणकडे चिखलाचे पट्टे उघडे पडतात. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी धरून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. पट्टकादंब हे बदकांसारखे पाहुणे पक्षीही याच दिवसांत असतात. एका गटात बारा-पंधराच जण, चार जणांत एक ८×४२ची दुर्बीण. फोटोसाठी थवा उडवायला नावाड्याला सांगू नका. पक्ष्यांचा खाण्याचा वेळ जातो आणि थवा परत तिथे बसायला कचरतो. नावाडी मासेमारच असतात. त्यांना मानधन देऊन अर्धा तास बोलतं करा: पूर्वी कोणते मासे मिळत, चिलापी कधी वाढला, बारीक आसाच्या (छिद्रांच्या) जाळ्यानं काय झालं. मुलांच्या वहीत पक्ष्यांच्या यादीबरोबर हेही उतरलं पाहिजे.

आमच्या गावची लोक जैवविविधता नोंदवही कपाटात पडून आहे. बचत गट त्यात काही करू शकेल का?
— बचत गटाची सचिव, सांगोला तालुका

हो, आणि हक्कानं करा. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावातल्या वनस्पती-प्राण्यांची, त्यांच्याबद्दलच्या माहितीची ही नोंदवही करणं हे तिचं काम आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) नोंदवही बघायला मागा. बऱ्याच वह्यांत शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवलेली सापडते. तसं असेल तर ग्रामसभेत दुरुस्तीचा विषय मांडा.

सुरुवात रानभाज्यांपासून करा, कारण ती माहिती तुमच्याकडेच आहे: तांदुळजा, कुर्डू, पाथरी, घोळ. प्रत्येकीसाठी चार रकाने: कोणत्या महिन्यात मिळते, कुठल्या प्रकारच्या जागी, कोणता भाग खातात, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी की जास्त. तणनाशक फवारलेल्या बांधावरची भाजी खायला घेऊ नका, आणि तो बांध वहीत वेगळा नोंदवा. लांडग्याचं बीळ, तरसाची गुहा, दुर्मिळ औषधी झुडपाची नेमकी जागा मात्र वहीच्या उघड्या भागात लिहू नका. 'गावाच्या पूर्वेचा माळ' एवढं पुरे. नेमकी जागा समितीच्या बंद पाकिटात ठेवायची.