अल्टिमीटरला बॅटरी जोडण्यापूर्वी
मॉडेल रॉकेटसाठी पहिला अल्टिमीटर (उंची मोजून योग्य क्षणी पॅराशूट बाहेर काढणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घेतल्याबद्दल अभिनंदन. मात्र त्याला लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी थेट जोडण्याचा मोह तूर्त आवरा. 9 व्होल्टची अल्कलाइन बॅटरी आपल्या अंतर्गत रोधामुळे प्रवाहाला स्वतःच लगाम घालते, पण लायपो तसे करत नाही, आणि पेटून गेलेल्या इग्नायटरच्या (पॅराशूट बाहेर ढकलणारी बंदुकीची दारू विजेने पेटवणाऱ्या भागाच्या) तारा एकमेकींना चिकटून राहिल्या तर बोर्डावरचा मॉसफेट (इग्नायटरचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जळू शकतो.

सुरुवातीला एवढे सांभाळा :

- पहिली चाचणी इग्नायटर न जोडता, 100 मिलिअँपिअरची मर्यादा लावलेल्या बेंच सप्लायवर (टेबलावरच्या, प्रवाह ठरवता येणाऱ्या वीजपुरवठ्यावर) करा, म्हणजे एखादी तार चुकली तरी नुकसान कमी होईल.
- इग्नायटरच्या वाटेत 2 ओहमचा, 5 वॅटचा रोधक घाला. पूर्ण भारित 2 सेलची लायपो बॅटरी 8.4 व्होल्ट देते, त्यामुळे शॉर्ट झाले तरी प्रवाह 4.2 अँपिअरच्या पुढे जात नाही, आणि दीड ओहमच्या इग्नायटरला साधारण 2.4 अँपिअर मिळतात, जे सहसा पुरेसे असतात.

हाच रोधक इग्नायटरच्या वाटेऐवजी अल्टिमीटरच्या मुख्य पुरवठ्यात घालणे ही नवख्यांची नेहमीची चूक (मीही केली आहे). इग्नायटर पेटताना व्होल्टेज कोसळते आणि अल्टिमीटर ऐन उड्डाणात पुन्हा सुरू होतो.

बंदुकीच्या दारूसह चाचणी इतक्यात नको.